तारीखवाला क्रोनोग्राफ : एका मनगटावरचे दोन काळ



तत्त्वज्ञानाचा मास्तर घड्याळावर बोलणार म्हटल्यावर काही जणांना वाटलं असेल, की हे गृहस्थ आता काळ खरा की मिथ्या इथून सुरुवात करणार आणि शेवटी किती वाजले हे काही सांगणार नाहीत. (हशा) तसं होणार नाही. आजचा विषय बाजारहाटाचा आहे. काळाचा प्रश्न मध्ये डोकावेल, पण तो डोकावल्याशिवाय हे घड्याळ नीट निवडता येत नाही म्हणून.

निमित्त असं झालं. माझ्या पुतण्याच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली. म्हणाला, "काका, आयुष्यात एकदा स्वतःसाठी चांगलं घड्याळ घ्यायचंय. क्रोनोग्राफ हवा, तारीख हवी, आणि वीस वर्षांनी जुनाट वाटायला नको." तीन अटी झाल्या : क्रोनोग्राफ, तारीख आणि क्लासिक. तिन्ही अटी एकत्र पाळणं दिसतं तितकं सोपं नाही. का, ते आज बघू.

क्रोनोग्राफ म्हणजे नेमकं काय

क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीच्या घड्याळात बसवलेलं स्टॉपवॉच. ग्रीकमध्ये 'क्रोनोस' म्हणजे काळ आणि 'ग्राफ' म्हणजे लिहिणं. नाव शब्दशः खरं होतं. १८२१ साली पॅरिसमध्ये निकोला रियूसेक यांनी घोड्यांच्या शर्यतीसाठी जे यंत्र वापरलं, ते फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकायचं. घोडा रेषेवर आला की ठिपका. त्याआधी, १८१६ साली, लुई म्वाने यांनी खगोल निरीक्षणासाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारं यंत्र बनवलं होतं. शाई पुढे गेली, नाव राहिलं.

आजच्या क्रोनोग्राफला चावीच्या वर एक आणि खाली एक बटण असतं. वरचं दाबलं की मोजणी सुरू, पुन्हा दाबलं की बंद. खालचं दाबलं की काटा शून्यावर. इथे नवख्या माणसाची एक गंमत होते. डायलच्या मध्यावरचा लांब सेकंदकाटा स्वस्थ उभा असतो आणि त्याला वाटतं घड्याळ बंद पडलं. तो काटा मोजणीचा असतो. चालू सेकंद एका छोट्या गोलात फिरत असतात.

काटा शून्यावर येतो कसा, हे मला फार आवडतं. काट्याच्या आसावर हृदयाच्या आकाराची एक छोटी चकती असते. अडोल्फ निकोल यांनी १८४४ साली तिचं पेटंट घेतलं. बटण दाबलं की एक हातोडी त्या चकतीवर पडते. चकती कुठल्याही कोनात असो, हातोडीच्या दाबाखाली ती घसरत घसरत बदामाच्या खाचेपर्यंत येते, आणि काटा बरोबर बारावर. एका क्षणात शून्य.

दोन काळ, एक डायल

आता दोन मिनिटं माझ्या विषयाला द्या. आपल्याकडे वैशेषिकांनी काळाला स्वतंत्र द्रव्य मानलं. पण काळ डोळ्यांना दिसत नाही. मग तो आहे हे ओळखायचं कशावरून? त्यांनी त्याच्या खुणा सांगितल्या : हे आधीचं आणि ते नंतरचं, हे एकाच वेळी, हे सावकाश आणि हे झटपट. या जाणिवा आपल्याला होतात, म्हणजे त्यामागे काळ आहे.

गंमत बघा. तारीखवाल्या क्रोनोग्राफवर या सगळ्या खुणा हजर असतात. तास-मिनिटांचे काटे 'एकाच वेळी'साठी आहेत. आपण सगळे इथे सहा वाजता जमलो ते त्यांच्या जोरावर. क्रोनोग्राफ 'सावकाश-झटपट' सांगतो. तारीख 'आधी-नंतर' सांगते.

आणि यातल्या दोघांचा स्वभाव अगदी उलटा आहे. क्रोनोग्राफचा काळ तुम्ही बटण दाबता तेव्हा सुरू होतो आणि पुन्हा शून्य करता येतो. तारखेचा काळ तुमच्यासाठी थांबत नाही आणि शून्यही होत नाही. एक काळ आपल्या हुकमातला, दुसऱ्याच्या हुकमात आपण. घड्याळ घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारायला सांगतो : दिवसभरात तुम्ही काळाला कोणता प्रश्न जास्त वेळा विचारता? 'किती वेळ लागला?' की 'आज काय आहे?' दोन्ही खरोखर विचारत असाल तरच हे घड्याळ तुमचं.

तारखेची अडचण

या दोघांना एकत्र नांदवायला बराच काळ लागला. खिडकीत आपोआप बदलणारी तारीख असलेलं स्वयंचलित मनगटी घड्याळ रोलेक्सने १९४५ साली आणलं. क्रोनोग्राफ तेव्हा चावीचे होते. काहींत काट्याने तारीख दाखवायचे, पण डायल पंचांगासारखी भरून जायची. १९६९ हे वर्ष निर्णायक ठरलं. त्या एका वर्षात हालचालीवर आपोआप चावी भरणारे तीन क्रोनोग्राफ जगापुढे आले : झेनिथचं 'एल प्रिमेरो'; हॉयर, ब्राइटलिंग आणि हॅमिल्टन-ब्यूरेन यांनी मिळून केलेलं 'क्रोनोमॅटिक'; आणि जपानमध्ये सेइकोचं ६१३९. तिन्हींत तारीख होती. आज आपण ज्याला तारीखवाला क्लासिक क्रोनोग्राफ म्हणतो, तो वंश तिथून चालत आला.

अडचण जागेची आहे. अनेक क्रोनोग्राफच्या डायलवर तीन छोटे गोल असतात. ते तीन, सहा आणि नऊवर असले, तर तारखेला जागा कुठे? मग ती चार आणि पाचच्या मध्ये तिरकी बसवतात, 'एल प्रिमेरो'सारखी. काहींना ती डायलवरच्या डागासारखी वाटते. दुसरा मार्ग १९७३ च्या सुमाराला आलेल्या वॅलज्यू ७७५० या मशीनने काढला. गोल बारा, सहा आणि नऊवर. तीनची बाजू मोकळी, तिथे वार आणि तारीख सरळ वाचता येतात. डायल किंचित डावीकडे झुकल्यासारखी दिसते, पण चष्मा न लावता तारीख दिसते. माझ्या वयाला हा मोठा गुण आहे. हॅमिल्टन, टिसो, लाँजीन अशा अनेकांची घड्याळं या मशीनवर किंवा तिच्या भावंडांवर चालतात, म्हणून दुरुस्ती करणारा जाणकार मिळायला त्यातल्या त्यात सोपं.

आणि तारीख नकोच म्हणणारेही आहेत. ओमेगा स्पीडमास्टर, १९५७ चं घड्याळ. चंद्रावर गेलं ते याच घराण्यातलं. १९७० साली अपोलो १३ संकटात सापडल्यावर यानाची दिशा सुधारण्यासाठी १४ सेकंद इंजिन चालवायचं होतं. ते १४ सेकंद जॅक स्विगर्ट यांनी हातातल्या स्पीडमास्टरवर मोजले. त्यावर तारीख नाही. त्या क्षणी कुणाला तारीख विचारायची नव्हती! म्हणजे तारीख नसणं हा दोष नव्हे, तो वेगळ्या प्रश्नाचा माणूस आहे. फक्त दुकानदार म्हणाला, "क्लासिक घड्याळाला तारीख नसतेच," तर त्याला १९६९ ची आठवण करून द्या.

एक व्यवहाराची गोष्ट. तारखेच्या चकतीला ३१ दात असतात आणि ती रोज मध्यरात्रीच्या सुमाराला एक दात पुढे सरकते. तिला महिने कळत नाहीत. म्हणून फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपल्यावर, वर्षातून पाच वेळा, तारीख हाताने सुधारावी लागते. घेण्याआधी विचारा : तारीख चावीने बदलते, की कडेला असलेल्या छोट्या बटणाने टाचणीसारखं काही खुपसून? वॅलज्यू ७७५३ च्या मूळ रचनेत असं बटण दहाच्या बाजूला आहे. टाचणी शोधण्यात पाच वेळा वैतागणार असाल तर आधीच सावध व्हा.

आणि रात्री तारीख बदलू नका. मी बदलली होती. १ डिसेंबर लागला होता, रात्रीचे साडेबारा, डायलवर ३१. मला ते खोटं सहन होईना, म्हणून अंथरुणातच चावी ओढून फिरवली. कट्ट असा आवाज आला. त्या वेळी आतली चाकं तारखेच्या चकतीत अडकलेली असतात. ७७५० सारख्या मशीनमध्ये साधारण रात्री आठ ते पहाटे दोन हा धोक्याचा काळ. एक दात तुटला आणि घड्याळ दीड महिना दुरुस्तीला. दुरुस्त करणारे काका म्हणाले, "सर, सत्य सकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं." (हशा) सोपा नियम : आधी काटे फिरवून खाली सहावर आणा, कालची तारीख लावा, मग काटे पुढे फिरवत आजचा दिवस आणि वेळ गाठा.

डायलचा दावा आणि मशीनचं प्रमाण

डायलवर छापलेली प्रत्येक रेघ हा एक दावा असतो. दाव्याला प्रमाण हवं. जुनी अनेक मशीन सेकंदाला पाच ठोके देत, म्हणून डायलवर सेकंदाचे पाच भाग छापत. ते प्रामाणिक होतं. ७७५० सेकंदाला आठ ठोके देते. तिच्या डायलवर पाच भाग छापले, तर पूर्ण सेकंद सोडून काटा त्या रेघांवर बरोबर थांबूच शकत नाही. तिथे चार भागांची डायल खरी. 'एल प्रिमेरो' सेकंदाला दहा ठोके देतं, तिथे दहा भाग शोभतात. दुकानात भिंगातून मोजून बघा. दुकानदार चकित होतो.

कडेच्या पट्ट्यांचंही तसंच. टॅकीमीटर म्हणजे वेगाची पट्टी. एका किलोमीटरच्या दगडाशी बटण दाबा, पुढच्या दगडाशी थांबवा. ३६ सेकंद लागले तर काटा १०० दाखवेल, ताशी १०० किलोमीटर. टेलिमीटर अंतराची पट्टी : वीज दिसली की सुरू, गडगडाट ऐकला की बंद, साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. पल्सोमीटर डॉक्टरांची पट्टी : नाडीचे ३० ठोके मोजून थांबा. २५ सेकंद लागले तर काटा ७२ वर. बहुतेक घड्याळांवर वेगाची पट्टी असते आणि बहुतेक मालक ती जन्मात वापरत नाहीत. पट्टीच नसलेली मोकळी डायल हाही चांगला पर्याय आहे.

सेल की चावी, आणि मनगट

सेलवरचा क्वार्ट्झ क्रोनोग्राफ अचूक, पातळ, स्वस्त आणि निगुतीचा. महिन्याकाठी काही सेकंदांचा फरक. यंत्राच्या घड्याळात रोज काही सेकंद इकडेतिकडे होणारच. शिवाय क्रोनोग्राफमध्ये भाग जास्त, म्हणून काही वर्षांनी करायची सर्व्हिसिंग साध्या घड्याळापेक्षा महाग पडते. ती रक्कम किमतीतच धरा. न परवडणारी सर्व्हिसिंग म्हणजे न परवडणारं घड्याळ. सेल बदलल्यावर क्वार्ट्झचा मोठा काटा कधीकधी बारावर नीट उभा राहत नाही. घाबरू नका, बऱ्याच घड्याळांत चावी ओढून बटणांनी तो जागेवर आणता येतो.

मापाबद्दल थोडक्यात. डायलचा व्यास सगळे विचारतात. महत्त्वाचं असतं ते वरच्या पट्ट्याच्या जोडापासून खालच्या जोडापर्यंतचं अंतर. ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेलं की घड्याळ उसनं आणल्यासारखं दिसतं. दुसरी जाडी. स्वयंचलित क्रोनोग्राफ जाडच असतो. शर्टाची बाही त्यावरून उतरते का, हे दुकानातच बघा. आणि '५० मीटर' लिहिलं म्हणजे ते घालून पोहायला जा, असं नाही. पाण्यात बटणं तर दाबूच नका.

जुनं घेणार असाल तर

जुन्या घड्याळाची हौस मलाही होती. एका विक्रेत्याकडून मी साठच्या दशकातला म्हणून एक स्विस क्रोनोग्राफ घेतला. डायल नव्यासारखी लखलखीत, मी हरखलो. घरी भिंगाखाली पाहिलं तर अक्षरांच्या कडा फुगलेल्या, छोट्या गोलाचा काटा शून्यावर येईना, आणि तारखेची खिडकी चक्क वाकडी कापलेली. डायल पुन्हा रंगवलेली होती, आत दोन-तीन घड्याळांचे अवयव होते. जगभरचे हौशी लोक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, कारण आपल्या बाजारातून अशी जोडलेली घड्याळं पुष्कळ बाहेर गेली. नाव ऐकून वाईट वाटतं. पण बंद घड्याळ चालू करणाऱ्या कारागिराचं कसब मी नाकारत नाही. आक्षेप आहे तो जोडलेलं घड्याळ मूळचं म्हणून विकण्याला.

तेव्हा लक्षात आलं, की न्यायशास्त्र तीस वर्षं शिकवलं आणि खरेदीच्या वेळी विसरलो. नैयायिकांची चार प्रमाणं आहेत, चारही वापरायची. प्रत्यक्ष : भिंगातून अक्षरं, काटे, खिडकी बघा, दोन्ही बटणं दाबून काटा दर वेळी शून्यावर येतो का पाहा. अनुमान : केस झिजलेली आणि डायल कोरी करकरीत, तर दोहोंपैकी एक नंतरचं आहे. उपमान : त्याच मॉडेलचं कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमधलं चित्र शेजारी ठेवा. आणि शब्द, म्हणजे आप्ताचं वचन : मागचं झाकण उघडून सांगणारा विश्वासाचा घड्याळवाला. विक्रेता आप्त नव्हे, कारण त्याला विकायचं आहे. मी चारांतलं शेवटचं प्रमाण घेतलं, तेही चुकीच्या माणसाकडून.

मग क्लासिक कशाला म्हणायचं?

१९७५ च्या सुमाराला क्वार्ट्झच्या लाटेत झेनिथच्या मालकांनी यंत्राची घड्याळं बंद करायचं ठरवलं. शार्ल व्हेर्मो नावाच्या तिथल्या कारागिराने 'एल प्रिमेरो'ची हत्यारं आणि साचे गुपचूप कारखान्याच्या माळ्यावर लपवले, नीट नोंदी करून. काही वर्षांनी त्याच मशीनला पुन्हा मागणी आली तेव्हा ती हत्यारं कामी आली. क्लासिकची माझी व्याख्या यातूनच आली : ज्याचा प्रत्येक भाग कशासाठी आहे हे माहीत असलेल्या माणसाला, ते टाकून द्यावंसं वाटत नाही, ते क्लासिक. किंमत, जाहिरात, नट-खेळाडू यांचा त्याच्याशी संबंध नाही.

माझ्या पुतण्याने शेवटी काय घेतलं? सेलवरचा साधा तारीखवाला क्रोनोग्राफ. म्हणाला, "काका, मी महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. मला घड्याळ सांभाळायचं नाही, घड्याळाने मला सांभाळायचंय." स्वतःचा प्रश्न ओळखून त्याने उत्तर निवडलं होतं. मला ते पटलं.

शेवटी माझं स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी हिला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी सांगितलं, दर तासाला श्वास मोजा आणि लिहून ठेवा, वेग वाढला तर लगेच फोन करा. साध्या घड्याळावर मोजताना नजर सारखी घड्याळाकडे आणि छातीकडे अशी जाते, आकडा चुकतो. मी क्रोनोग्राफचं बटण दाबायचो, हिच्याकडेच बघत वीस श्वास मोजायचो, पुन्हा बटण दाबायचो आणि मगच घड्याळाकडे पाहायचो. ४८ सेकंद म्हणजे मिनिटाला २५ श्वास. ६० म्हणजे २०. इतकी वर्षं हे घड्याळ हातात होतं, पण क्रोनोग्राफ कशासाठी असतो ते मला त्या रात्री कळलं. ज्याचा वेळ मोजायचा त्याच्यावरून नजर हलू नये, यासाठी.

आणि चौथ्या-पाचव्या रात्री वहीत नोंद करताना माझा हात थांबला. आज तारीख काय, हे मला खरंच सांगता येईना. खिडकीत पाहिलं, १७. ते लिहिलं. औषधाचा कितवा दिवस, ताप कधी उतरला, हे सगळं डॉक्टरांना त्या वहीतून कळलं. एक काळ मी शून्य करून पुन्हा पुन्हा सुरू करत होतो आणि दुसरा मला न विचारता पुढे जात होता. दोन्ही लागले.

ही आज पहिल्या रांगेत बसली आहे आणि वेळ संपल्याची खूण करते आहे. (हशा) तेव्हा थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, हे सगळं मोबाइलमध्ये फुकट आहे. मग घड्याळ कशाला?

बरोबर आहे. नुसती गरज म्हणाल तर नको. पण मोबाइल वेळ दाखवता दाखवता आणखी दहा गोष्टी दाखवतो. घड्याळ विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. तेवढ्यासाठी पैसे द्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा.

प्रश्न : गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

गुंतवणूक म्हणून घेतलेलं घड्याळ तिजोरीत राहतं आणि तिजोरीत वेळ कुणीच विचारत नाही. मनगटावर वापरायचं असेल तर घ्या.

प्रश्न : क्रोनोग्राफ सतत चालू ठेवला तर बिघडतो का?

चांगल्या मशीनला थोडा वेळ चालवल्याने काही होत नाही. पण चोवीस तास चालू ठेवायचं कारण नाही. ताण आणि झीज वाढते. उलट महिनोन्‌महिने बटण न दाबणंही बरं नाही. अधूनमधून काहीतरी मोजत जा. चहा उकळायला किती वेळ लागतो, तेही चालेल.